हवेत उडणारी मिरची आणि तिला धरणारे कापड

दिवाळीच्या आगेमागे नंदुरबारला मिरचीचा हंगाम भरात येतो. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते आणि शहराच्या कडेच्या पथाऱ्यांवर मैलभर लाल जाजम अंथरल्यासारखा माल सुकत पडतो. फापडा, जरेला, लाली, व्हीएनआर ही नावे त्या दिवसांत चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, पण मिरचीची ही पेठ त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेली आहे. शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माल येथे येतो.

ओली मिरची वाळली की वजनाने निम्म्याहूनही कमी भरते, ही गोष्ट येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे येथला व्यापारी काट्यापुढे फार सावध असतो. पोत्याचे वजन वजा कसे केले, ओल किती धरली, यावर अर्धा तास हुज्जत चालते. परंतु हाच व्यापारी जेव्हा पुढे पावडर आणि मसाल्याचा कारखाना काढतो, तेव्हा मिक्सिंगच्या खोलीतून पंख्यावाटे बाहेर जाणाऱ्या मालाकडे तो पाहत नाही. तो माल कोणत्याच काट्यावर चढत नाही, म्हणून तो गेला असेही कोणाला वाटत नाही. त्याला सगळे धूळ म्हणतात. आमच्या मते तो माल आहे, आणि योग्य जागी धरला तर मालच राहतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. मिरचीशी आमचा संबंध जेवणापुरता. मग या विषयावर आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण आमचीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मसाल्याचा एक कारखानदार आमच्या दुकानी आला आणि त्याने मांजरपाटाचे दोन तागे मागितले. कशासाठी, असे आम्ही विचारले नाही. गिऱ्हाईक माल मागते, आपण मोजून देतो. महिन्याभराने तो परत आला तो काखेत एक लालभडक झालेली पिशवी घेऊनच. "शेठ, हे कसले कापड दिले? आतली मिरची बाहेर, आणि बाहेरच्या गल्लीतले लोक माझ्या दारात." पंख्याच्या तोंडाला त्याने मांजरपाटाची लांब पिशवी शिवून बांधली होती. पहिले चार दिवस ती फुग्यासारखी फुगली, मग तिचे पोत मिरचीच्या तेलकट भुकटीने बुजले आणि हवा जाईना. त्याने ती धुतली. धुतल्यावर कापड आटले, धागे सरकले, आणि पुढे भुकटी सरळ आरपार जाऊ लागली. आम्ही त्याला पैसे परत देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "पैसे नकोत, कारखाना बघायला चला," एवढेच तो म्हणाला.

आम्ही गेलो. खोलीत आडव्या पोटाचे एक मोठे मिक्सर होते, त्याला ते लोक रिबन ब्लेंडर म्हणतात. आत पोलादी पट्ट्या फिरतात आणि माल उलटसुलट करतात. वरच्या तोंडातून मजूर पोती रिकामी करीत होते. प्रत्येक पोत्यासरशी लाल ढग उठत होता. कामावरच्या बायांनी पदराने आणि ओढणीने नाक-तोंड बांधले होते, तरी ठसका थांबत नव्हता. भिंतीत पंखा होता आणि पंख्यापलीकडे कडुनिंबाचे एक झाड होते. त्याची भिंतीकडची पाने तांबडी होती. संध्याकाळी खोली झाडली आणि ती झाडण एका पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली गेली. तिचे काय करता, असे आम्ही विचारले, तेव्हा मालक आणि मुकादम एकमेकांकडे पाहू लागले. त्या पोत्याकडे आपण पुढे वळू.

धूळ का उठते?

पावडरीचे २५ किलोचे पोते मिक्सरमध्ये ओतले की साधारण ५०-६० लिटर जागा माल घेतो. तितकीच हवा आतून बाहेर पडावी लागते. शिवाय पडणारी पावडर आपल्याबरोबर आणखी हवा ओढून आत नेते आणि तीही परत वरच येते. ही हवा रिकामी येत नाही, सर्वांत बारीक कण घेऊन येते. पोते जितक्या उंचावरून ओतावे तितका ढग मोठा. म्हणून पहिला उपाय बिनखर्ची आहे: पोते तोंडाशी टेकवून हळू ओतणे, मिक्सर चालू असताना झाकण बंद ठेवणे आणि भरताना पट्ट्या न फिरवणे. पुष्कळ कारखाने यंत्र आणायला निघतात, पण झाकणाचे तुटलेले रबर बदलत नाहीत.

दुसरी चूक पंख्याची. ढग दिसला की मोठा पंखा लावतात आणि त्याचे तोंड मिक्सरच्या अगदी गळ्याशी आणतात. असा पंखा धुळीबरोबर चांगला मालही ओढून नेतो. ओढ एवढीच हवी की मिक्सरच्या तोंडाशी हवा बाहेरून आत जावी. याहून जास्त ओढ म्हणजे आपल्याच खिशाला भोक.

येथे एक गोष्ट आमच्या त्या कारखानदाराला नवी होती, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही. मिरचीची नुसती पावडर असेल तर उडाले ते वजनापुरते गेले. मिश्र मसाल्यात मात्र तसे नाही. मीठ जड, त्याचा दाणा मोठा. ते लगेच खाली बसते. मिरची, धणे, आमचूर यांची बारीक भुकटी हलकी, ती वर उठते. (आमचूर आपल्या धडगाव भागातला प्रसिद्ध आहेच.) म्हणजे पंख्यातून जाते ते मसाल्याच्या प्रमाणात जात नाही. महाग आणि रंग-चव देणारे जिन्नस जास्त जातात, मीठ मागे राहते. गिऱ्हाईक म्हणते, या खेपेचा मसाला खारट लागतो. मालक आचाऱ्याला दोष देतो, आचारी वजन करणाऱ्याला. चोर भिंतीतल्या पंख्यात बसलेला असतो.

आधी मोजा

नुकसान किती, हे ठरवल्याखेरीज एक पैसाही खर्च करू नये. दहा घाण्या नीट तोलून घ्याव्यात. आत गेलेले वजन, बाहेर आलेले वजन, यंत्राला चिकटलेले खरवडून काढलेले वजन. जी तूट राहील ती सगळी धूळ नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. दळताना माल तापतो आणि ओल उडते. १,००० किलो मिरचीत १० टक्के ओल असेल आणि दळल्यावर ८ टक्के राहिली, तर ९०० किलो कोरडा ऐवज ९७८ किलोच भरतो. २२ किलो वाफ होऊन गेले. ते कोणत्याही पिशवीत सापडणार नाहीत. मिक्सिंगमध्ये माल तापत नाही, म्हणून तेथली तूट बहुतेक हवेतलीच.

मग हिशोब सोपा आहे. समजा, पंखा ताशी ३,००० घनमीटर हवा ओढतो आणि प्रत्येक घनमीटरमागे १ ग्रॅम भुकटी जाते. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण ताशी ३ किलो झाले, आठ तासांत २४ किलो, २५ दिवसांच्या महिन्यात ६०० किलो. किलोला २०० रुपये भाव धरला तर महिन्याला १ लाख २० हजार रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. कोणाचे याच्या चौथाई निघतील. चौथाई म्हणजेसुद्धा एका मजुराचा पगार सहज निघतो.

वावटळ आणि पिशवी

हवेतून भुकटी वेगळी काढायची दोन जुनी साधने आहेत. दोन्हींचा जन्म पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांच्या काळातला आहे. सायक्लोन म्हणजे पत्र्याचे नरसाळे. हवा त्यात तिरकी शिरते, वावटळीसारखी गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली घसरतात आणि हवा मधल्या नळीने वर निघते. अमेरिकेत १८८५ साली जॉन फिंच यांच्या नावाने त्याचे पेटंट झाले. आत फिरणारा भाग नाही, कापड नाही, त्यामुळे मोडत नाही. पण त्याला मर्यादा आहे. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तो चांगले धरतो, ५ मायक्रॉनखालचे बहुतेक सोडून देतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावे. डोळ्यांत जाणारी आणि ठसका लावणारी मिरची ही सायक्लोनमधून सुटलेलीच असते.

पाण्याचा फवारा मारून धूळ बसवण्याची तिसरी रीतही कोणी सुचवतात. तिने हवा स्वच्छ होते, पण हाती लाल चिखल येतो. माल परत मिळवायचा असेल तर ती रीत आपल्या कामाची नाही.

म्हणून शेवटी कापडच. आणि येथे आम्ही आमच्या मैदानात आलो.

आपल्याकडे पिठाच्या चक्कीच्या तोंडाला कापडी बाही बांधतात, ती याच जातीची. पण चक्कीची बाही आणि कारखान्याची पिशवी यांत फरक आहे. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा यांच्यामध्ये चौकोनी भोके असतात. मांजरपाटातही ती असतात. हवेचा जोर लागला की भोके रुंदावतात. कापूस ओल धरतो, पावसाळ्यात कुबट होतो, त्यावर बुरशी येते. खाण्याच्या मालावर बुरशीचे कापड चालत नाही.

कारखान्याला हवा असतो पॉलिएस्टरचा नमदा. तो विणत नाहीत. तंतूंचा थर अंथरून हजारो काटेरी सुयांनी टोचून टोचून तो घट्ट करतात. त्यात सरळ भोक कोठेच नसते. हवेला नागमोडी जावे लागते आणि कण अडतो. चौरस मीटरला ५०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा नमदा या कामाला चालतो. त्याची भुकटीकडची बाजू जाळून गुळगुळीत केलेली असावी, म्हणजे चिकटलेला थर झटकला की सुटतो. मिरचीत स्वतःचे तेल असते, शिवाय पावडर उडू नये आणि रंग खुलावा म्हणून काही कारखानदार वरून खाद्यतेल घालतात. मिरची पावडरीत वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल घालण्यास अन्न कायद्याच्या नियमांनी मुभा दिलेली आहे, मात्र ते लेबलवर लिहावे लागते. तेलाने धूळ कमी उठते हे खरे. पण उठलेली भुकटी तेलकट असते आणि पिशवी लवकर बुजवते. तेल घालणाऱ्यांनी पातळ पापुद्रा बसवलेला महाग नमदा घ्यावा किंवा तेल शेवटी घालावे.

आणखी एक बारकावा शिंप्याच्या कामाचा. पिशवी कापडातून क्वचित गळते, ती शिवणीतून आणि गळ्यातून गळते. सुईचे प्रत्येक टोचण हे एक भोक आहे. धागा पॉलिएस्टरचाच हवा, शिवण तिहेरी हवी आणि गळ्यात पोलादी पट्टीचे कडे शिवलेले हवे, म्हणजे ते पत्र्याच्या भोकात गच्च बसते. खाण्याच्या मालासाठी योग्य असल्याचा दाखला गिरणीकडून मागून घ्यावा. काही ठिकाणी मुद्दाम निळी पिशवी वापरतात, कारण तंतू सुटून मालात पडला तर निळा रंग लगेच दिसतो. मिरचीत लाल तंतू कोण शोधणार?

किती कापड लागेल? वरचाच नमुना घेऊ. ताशी ३,००० घनमीटर म्हणजे मिनिटाला ५० घनमीटर. मिरचीसारख्या मालाला प्रत्येक चौरस मीटर कापडातून मिनिटाला सव्वा घनमीटरहून जास्त हवा रेटू नये. म्हणजे ४० चौरस मीटर कापड हवे. १५ सेंटीमीटर व्यासाची आणि २.४ मीटर लांबीची पिशवी घेतली तर तिचे अंग १.१३ चौरस मीटर भरते. ३६ पिशव्यांत काम भागते. दोन मीटर पन्ह्याच्या नमद्यातून शिवणीची जागा धरून आडव्या चार पिशव्या निघतात. लांबीला अडीच मीटर धरले तर साडेबावीस मीटर कापड झाले. एका पेटीचे सगळे रहस्य एवढ्या कापडात आहे. विकणारा जर याच हवेसाठी १५ पिशव्यांची पेटी दाखवू लागला, तर ती स्वस्त का आहे हे ओळखावे. थोड्या कापडातून जास्त हवा रेटली की भुकटी नमद्याच्या पोटात शिरून बसते आणि मग कोणत्याही झटक्याने निघत नाही.

पूर्वी पिशव्या हाताने किंवा यंत्राने हलवून झाडीत. १९५० च्या दशकात अमेरिकेत दाबलेल्या हवेच्या झटक्याची युक्ती निघाली आणि आज बहुतेक पेट्या तशाच असतात. पिशवी तारेच्या सांगाड्यावर चढवलेली असते, भुकटी बाहेरून बसते आणि वरून ५-६ बारची हवा क्षणभर आत सुटते. पिशवी फुगते, थर गळून पडतो. पंखा बंद करावा लागत नाही.

धरलेल्या मालाचे काय?

आता त्या कोपऱ्यातल्या पोत्याकडे येऊ. मुकादमाने शेवटी सांगितले की झाडण चाळून हलक्या प्रतीच्या पावडरीत जाते. "सगळेच करतात," असे तो म्हणाला. सगळे करतात की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, परंतु जमिनीवर पडलेला माल हा माल राहत नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्यात चपलांची माती आहे, पोत्याचे सुतळीचे तुकडे आहेत, उंदराची लेंडी आहे. प्रयोगशाळेत हे लपत नाही. मिरची पावडरीसाठी ओल ११ टक्क्यांपेक्षा, एकूण राख ८ टक्क्यांपेक्षा आणि आम्लात न विरघळणारी राख १.३ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे आपल्या अन्न नियमांत आहे. ही शेवटची राख म्हणजे वाळू आणि माती. झाडण मिसळली की हाच आकडा वर जातो. पाच किलोच्या लोभापायी पाचशे किलोची घाणी नापास होते. आणि नापास झाली नाही तरी ती कोणाच्या तरी ताटात जाते.

म्हणूनच भुकटी जमिनीवर पडण्याच्या आधी, हवेत असतानाच धरायला हवी. त्यातही सर्वांत चांगली जागा मिक्सरच्या डोक्यावरची. झाकणावरच एक लहान पिशवी-पेटी बसवतात. ओतताना निघणारी हवा तीतून जाते, भुकटी पिशवीला चिकटते आणि झटका दिला की त्याच मिक्सरमध्ये, त्याच घाणीत परत पडते. भेसळीचा प्रश्न नाही, नोंदीचा प्रश्न नाही, मसाल्याचे प्रमाणही बिघडत नाही. मात्र शेवटचा झटका मिक्सिंग संपण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी द्यावा. नाहीतर परत पडलेली भुकटी वरच राहते आणि पहिल्या पाकिटात जास्त तिखट जाते. आमच्या कारखानदाराने पहिल्या आठवड्यात हीच चूक केली होती.

जेथे अनेक यंत्रांची हवा एका नळीने लांबच्या पेटीत जाते, तेथे गोष्ट वेगळी. नळीत हवेचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या आसपास हवा, नाहीतर भुकटी नळीतच बसते, जुनी होते, तिला कीड लागते. आपल्या नमुन्यातल्या हवेसाठी २४ सेंटीमीटर व्यासाची नळी झाली. पुष्कळांना मोठी नळी चांगली वाटते, पण मोठ्या नळीत वेग मरतो. आणि अशा सामाईक पेटीत मिरची, हळद, हिंग सगळे एकत्र येते. बांधणीच्या हिंगात मैदा असतो, गव्हाची बाधा असणाऱ्या माणसासाठी तो लेबलवर लिहिलेला असावा लागतो. ती भुकटी मिरचीत गेली तर लेबल खोटे ठरते. म्हणून सामाईक पेटीतला माल खाण्यात परत नेऊ नये, तो टाकून द्यावा. एका मालाची एकच पेटी असेल, आतून स्वच्छ पोलाद असेल, खाली झडपेतून बंद डब्यात माल पडत असेल, तरच तो त्याच दिवशी, त्याच मालात, वजन लिहून घालावा. ही भुकटी नेहमीच्या मालापेक्षा बारीक असते, म्हणून एका घाणीत थोडीच मिसळावी.

पावसाळा आणि ठिणगी

नवापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओलीविषयी सांगायला नको. दमट हवा, तेलकट मिरची आणि थंड पत्रा एकत्र आले की पिशवीवर पापड जमतो. काम सुरू होण्याआधी पंखा थोडा वेळ रिकामा चालवावा, काम संपल्यावरही चालवून झटके द्यावेत. दाबलेल्या हवेच्या नळीत पाणी आणि तेल धरणारी वाटी असते, ती रोज रिकामी करावी. आणि पेटीच्या अलीकडून पलीकडे काचेची इंग्रजी यू आकाराची नळी रंगीत पाणी घालून लावावी. तिचा खर्च नगण्य. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक साधारण ७५ ते १५० मिलिमीटर असेल तर ठीक. तो चढत गेला तर पिशव्या बुजत आहेत, एकाएकी उतरला तर कोठेतरी पिशवी फाटली आहे. पेटीचा हा थर्मामीटर मजुरालाही वाचता येतो.

एक गोष्ट मात्र काटकसरीने करू नये. कोणतीही वाळलेली खाद्यभुकटी हवेत पसरली आणि ठिणगी मिळाली की पेट घेते, बंद पेटीत असेल तर फुटते. अमेरिकेत मिनियापोलिस येथे २ मे १८७८ रोजी पिठाची मोठी गिरणी अशीच उडाली आणि १८ माणसे गेली. जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर ७ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जियात पोर्ट वेंटवर्थ येथे साखरेच्या कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीने स्फोट होऊन १४ कामगार मेले. पिशवी-पेटीत तर प्रत्येक झटक्याला ढग उठतोच. म्हणून दळण्याच्या यंत्राआधी चुंबक हवे, मिरचीच्या पोत्यातून खिळे येतात हे सर्वांना माहीत आहे. पेटी, नळी आणि सांगाडे यांना जमिनीशी जोडणारी तार हवी. नमद्यात वीज वाहून नेणारे तंतू मिसळलेले असावेत, कारण पॉलिएस्टरवर घर्षणाची वीज साठते. हिवाळ्यात पॉलिएस्टरचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो, तोच हा प्रकार. पेटीला स्फोट-झडप असावी आणि तिचे तोंड माणसांच्या वाटेवर नसावे. हे कोणा साहेबाच्या भीतीने करायचे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच कलम १४ मध्ये धूळ कामगाराच्या श्वासात जाऊ नये म्हणून, आणि कलम ३७ मध्ये पेटणाऱ्या धुळीबाबत, मालकाने काय करावे हे लिहिलेले होते. ते वाचणारे थोडे निघाले.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न लहान कारखानदाराला पडतोच. केंद्राने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तीत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. अर्ज करताना अनेकांनी पॅकिंग यंत्राची नावे घातली, धूळ-पेटीचे नाव फारसे कोणी घातले नाही, असे आम्हाला एका ओळखीच्या हिशोबनीसाने सांगितले. अशी योजना हाती आली तर आपल्या बँकेत विचारून पाहायला हरकत नाही. नाहीतर सुरुवात झाकणावरच्या लहान पेटीने करावी. ती फक्त मिक्सरमधून निघणारी हवा सांभाळते, म्हणून तिला मोजक्याच पिशव्या लागतात.

आमच्या कारखानदाराने तेच केले. भिंतीतला पंखा काढून तेथे जाळी बसवली. कोपऱ्यातले झाडणीचे पोते अजून असते, कारण सांडणे पूर्ण थांबत नाही. पण ते आता भरायला फार दिवस लागतात आणि भरले की खड्ड्यात जाते. मुकादम पहिल्यांदा कुरकुरला, मग गप्प झाला. बाया ओढणी अजून बांधतात. सवय आहे, आणि पोते ओतताना थोडा ठसका लागतोच. गल्लीतले लोक मात्र पुन्हा दारात आले नाहीत. कडुनिंबाची पाने एका पावसाळ्यानंतर हिरवी दिसली.

आम्ही आता मांजरपाट मोजण्याआधी गिऱ्हाईकाला विचारतो, कशासाठी हवा? भुकटी धरण्यासाठी म्हटले की ताग्यावरचा हात काढून घेतो आणि सुरतेच्या नमद्याचा नमुना पुढे करतो. त्या कारखानदाराने यंदा हळदीसाठी पिशव्यांचा दुसरा संच शिवून घेतला. धुतलेल्या पिशव्या उन्हात वाळत घातल्या की कोणती कशाची हे कळत नाही, ही त्याची अडचण होती. आमच्या शिंप्याने मिरचीच्या पिशव्यांच्या गळ्यात लाल दोरा आणि हळदीच्या पिशव्यांच्या गळ्यात पिवळा दोरा घालून दिला.